उभ्या सायकलवरून अच्छाडपर्यंत

अच्छाडला मुद्दाम कोणी जात नाही. तिथे महाराष्ट्र संपतो, ट्रक थांबतात, ट्रकवाले जेवतात आणि पुढे गुजरातेत जातात. डहाणूची माणसं वापीला खरेदीला जाताना अच्छाड गाडीच्या काचेतून बघतात, तेही जागी असली तर. मी मात्र या हिवाळ्यात तीन दिवसांची सुट्टी जोडून सायकलने अच्छाडला जाऊन आले. ज्यांनी हा प्रवास केलेला नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी वंदना. वय अठ्ठेचाळीस. डहाणूच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसते. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि मग त्या पत्राला शांतपणे विश्रांती घेऊ द्यायची, हे माझं काम. नवरा प्रकाश रेल्वेच्या सिग्नल विभागात आहे. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. शेजारच्या हंसाबेनना ते बावीस वर्षांनंतरही खटकतं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं. चालण्याचा कंटाळा म्हणून मी सायकल घेतली आणि मग सायकलचं वेडच लागलं. घट्ट कपडे आले, हेल्मेट आलं, आणि शेवटी ते बूट आले.

त्या बुटांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं. शर्यतीच्या सायकलींना जे पेडल असतं त्यात बुटाचा तळ खटकन अडकतो. त्यामुळे पायाचा जोर वाया जात नाही म्हणतात. थांबण्याआधी टाच बाहेरच्या बाजूला वळवून बूट सोडवायचा असतो. विसरलात तर सायकल थांबते, तुम्ही सायकलला बांधलेले राहता आणि दोघं मिळून आडवे होता.

श्रावणातल्या एका रविवारी, तलासरीच्या अलीकडे आंब्याखाली चहाची एक टपरी आहे तिथे मी थांबले आणि टाच वळवायला विसरले. रस्ता सपाट. पाऊस नाही. समोर कोणी नाही. मी सावकाश, झाड पडावं तशी, उजवीकडे कलंडले. हात टेकला आणि मनगट मोडलं. जमिनीवरून मला पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे टपरीशी झोपलेला एक तांबडा कुत्रा. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

टपरीवाल्या बाईंनी धावत येऊन माझे बूट सोडवले, आपल्या डोक्याचा रुमाल काढून हात बांधला, एक टेम्पो अडवला आणि मला सायकलसकट त्यात चढवून दवाखान्यात पाठवलं. दोन तासांनी प्रकाश घामाघूम होऊन आला आणि विचारलं, "काय झालं?"

मी म्हणाले, "कुत्रा."

एवढंच. एक शब्द. बाकीचं वाक्य प्रकाशने पूर्ण केलं. "आडवा आला?" मी मान हलवली. पंचेचाळीस हजारांची सायकल, घट्ट कपडे आणि चार वर्षांचा सराव असलेली बाई उभ्या उभ्या पडली, हे मला कोणालाच सांगवेना. ऑफिसात ही बातमी पोचेपर्यंत कुत्र्याला दात फुटले होते. आठवड्याने दुसरा कुत्राही आला.

प्रकाश मनाने सरळ माणूस. त्याने तिकडच्या ग्रामपंचायतीकडे तीन प्रतींत तक्रार अर्ज केला. मला वाचूनही दाखवला. तेव्हा मी बोलायला हवं होतं, पण मी निश्चिंत होते. माझी सव्वीस वर्षांची नोकरी आहे. अर्जाचं पुढे काय होतं हे मला माहीत नसणार तर कोणाला? व्यवस्थेवर पूर्ण विश्वास ठेवून मी गप्प बसले.

प्लास्टर उतरल्यावर फिजिओ बाईंनी घरातल्या घरात सायकल चालवायला परवानगी दिली. मागचं चाक एका लोखंडी घोडीत अडकवायचं आणि जागच्या जागी पेडल मारायचं. मोबाइलवर समोर युरोपातले बर्फाचे डोंगर दिसतात, चढ आला की पेडल जड होतं. मी आमच्या गॅलरीत असे अनेक डोंगर चढले. पलीकडच्या गॅलरीत पापड वाळत घालताना हंसाबेन रोज विचारायच्या, "वंदनाबेन, आजे क्यां सुधी पोंच्या?" मी म्हणायचे, "स्वित्झर्लंड." त्या म्हणायच्या, "सारू. येताना कोथिंबीर आणाल?"

पौषात हात बरा झाला आणि फिजिओ बाई म्हणाल्या, आता रस्त्यावर जा. प्रकाशने एक अट घातली. तीन दिवस तो स्कूटरवरून माझ्या मागे येणार. तीन दिवसांत मी कुठेही पडले नाही, तर पुढे एकटीने जायला मोकळी. पडले, तर सायकल विकायची. "कुत्र्याचा काय भरवसा," तो म्हणाला, "पण निदान तुझी चूक नव्हती म्हणून ही संधी." मी पुन्हा एकदा मान हलवली.

पहिला दिवस: चिंचणी

सुरुवात सपाट रस्त्यावर करायची म्हणून किनाऱ्याने चिंचणी ठरली. निघताना प्रकाशने नियम सांगितले. एक हॉर्न म्हणजे सावकाश. दोन म्हणजे थांब. एक लांब म्हणजे मागून गाडी येते आहे. स्कूटरच्या डिकीत बँडेज, बर्फाची पिशवी, ग्लुकोज आणि एक लाल झेंडी होती. झेंडी कशाला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

गॅलरीतल्या युरोपात वारा नसतो. खाडीचा पूल ओलांडला आणि समुद्रावरचा वारा असा अंगावर आला की स्वित्झर्लंडची सगळी कमाई पहिल्या दहा मिनिटांत संपली. गॅलरीत कोंबडी नसते, गतिरोधक नसतो, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून बोलणाऱ्या दोन बायका नसतात. मुख्य म्हणजे गॅलरीत थांबावं लागत नाही. मी प्रत्येक वळणाच्या शंभर फूट आधीच टाचा सोडवत होते आणि पुढचा ब्रेक इतका धरून ठेवत होते की उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती. ज्या हाताने पडले, तोच ब्रेकचा हात. तो हात मी सांगेन ते ऐकत नव्हता. त्याचं त्याने वेगळंच काही ठरवलेलं होतं.

पण रस्ता सुंदर. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. वरोरला होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि जाळी दुरुस्त करणाऱ्यांपैकी एकानेही माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. डहाणूत सायकलवरची बाई दिसली की लोक आधी कपडे बघतात आणि मग वय विचारतात.

चिंचणीत मात्र गंमत झाली. मासे वाळत घातले होते तिथून जाताना प्रकाशने एक हॉर्न दिला. समोर बैलगाडी होती म्हणून दोन दिले. मग मागून टेम्पो आला म्हणून एक लांब दिला. बांबूंवर बोंबील टांगणाऱ्या चार-पाच बायका हे बघत होत्या. त्यांतली सगळ्यात उंच बाई टोपली खाली ठेवून रस्त्यावर आली आणि स्कूटरच्या पुढ्यात उभी राहिली.

"काय रे ए! मगापासून बघतंय मी. बाईच्या मागे मागे हॉर्न मारत फिरतोस? लाज नाय वाटत? वय काय तुझा!"

"अहो, मी..." प्रकाश म्हणाला.

"गावात शिरल्यापासून मारतोय!" मागून दुसरी ओरडली. बघता बघता स्कूटरभोवती कडं झालं. एकीच्या हातात बोंबलांची माळ होती, ती तिने फटका मारण्याच्या बेताने धरली होती.

उंच बाई माझ्याकडे वळली. "काय गो बाय, वळखतेस का याला?"

खरं सांगते, उत्तर द्यायला मी जरा वेळ घेतला. सकाळपासून मी एकेचाळीस हॉर्न मोजले होते.

"नवरा आहे माझा," शेवटी मी म्हणाले.

बायकांची घोर निराशा झाली. कडं मोडलं. उंच बाई प्रकाशला म्हणाली, "नवरा हाय तर मग पुढे जा ना. मागे काय करतोस?" भरपाई म्हणून त्याने वाळलेले बोंबील घेतले, हवे होते त्याच्या दुप्पट, आणि ते डिकीत बँडेजच्या शेजारी ठेवले. ते बँडेज आता कोणत्याही जखमेला लावता येणार नाही. परतीच्या वाटेवर त्याने फक्त तीनदा हॉर्न दिला. मी पडले नाही.

दुसरा दिवस: घर

विश्रांती. फिजिओ बाईंनी वेळापत्रकात तसंच लिहिलं होतं. सायकल चालवणं सोपं वाटावं असा हा दिवस गेला.

संध्याकाळी आमच्या ऑफिसातले सावंत भाऊसाहेब सपत्नीक आले. त्यांनी बायकोला माझा अपघात सांगितला. माझ्यासमोर, माझ्या घरात, माझा चहा पीत. त्यांच्या कथेत तीन कुत्रे होते, एकाने माझा पाय धरला होता आणि तरीही मी सायकल शेवटपर्यंत सोडली नव्हती. "खरंच धीराची बाई," सावंत वहिनी म्हणाल्या. मी त्यांना चिवडा वाढला.

भाऊसाहेब गेल्यावर प्रकाश मला म्हणाला, "उद्या त्याच रस्त्याने जायचं. आशागडहून आत वळून तलासरी. जिथे पडलीस तिथे थांबून चहा प्यायचा. भीती अशीच जाते."

मी म्हणाले, "हायवेने जाऊ या की. चारोटीवरून."

"हायवेला ट्रक आहेत."

"आतल्या रस्त्याला कुत्रा आहे."

"म्हणूनच तर," प्रकाश म्हणाला. "अर्जाचं काय झालं तेही बघता येईल."

तिसरा दिवस: तलासरी, अच्छाड

आशागड सोडलं की समुद्राचा संबंध संपतो. हवा कोरडी होते, जमीन लालसर होते, रस्ता चढतो आणि उतरतो. भात कापून झालेली शेतं, पेंढ्याच्या गंज्या, लांबून लांबून वसलेले पाडे. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बायका माझ्यापेक्षा वेगात चढ चढत होत्या. एकीने चालता चालता विचारलं, "कुठे कामाला चाललीस?" मी म्हणाले, "कामाला नाही, उगाच." ती थोडा विचार करून म्हणाली, "उगाच? मग एवढी दमतेस कशाला?" फिजिओ बाईंच्या पूर्ण कार्यक्रमात याचं उत्तर दिलेलं नाही.

चढाला काही वाटत नव्हतं. उतारांची भीती होती. प्रत्येक उतारावर तो हात ब्रेकवर जाऊन बसायचा आणि मी गाडीला बांधलेल्या बकरीसारखी फरफटत खाली यायचे.

तलासरीच्या अलीकडे तो आंबा लांबून दिसला. टपरीही होती तिथेच. फक्त एक गोष्ट नवी होती. टपरीच्या खांबाला पत्र्याचा पिवळा फलक ठोकला होता आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'सावधान! हिंस्र कुत्रा.' फलकाखाली, हातभर दोरीने खांबाला बांधलेला, तो तांबडा कुत्रा झोपला होता.

मी दोन्ही टाचा केव्हाच्या सोडवल्या होत्या. थांबले. पडले नाही.

टपरीवाल्या बाईंनी मला लगेच ओळखलं. "आलीस गो बाय? हात बरा झाला का? बघू." त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सोडलं. "बरा जुळला." मग त्यांचं लक्ष प्रकाशकडे गेलं. तो स्कूटर लावून, लाल झेंडी हातात घेऊन, कुत्र्यापासून पाच फुटांवर उभा होता.

"हे माझे मिस्टर," मी म्हणाले.

"तुमीच काय ते भाऊ, कागद लिवणारे?"

"हो," प्रकाश म्हणाला, आणि मला दिसलं की त्याला अभिमान वाटतो आहे. "दखल घेतली म्हणायची पंचायतीने."

"घेतली ना. ग्रामसेवक सोता आला. बोलला, सोमीबाई, कुत्रा बांध, बोर्ड लाव, नाय तर टपरी उचल. मी त्याला सांगत होती काय झाला ते. तो बोलला, तू सांगतेस ते कागदावर नाय." त्यांनी चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं. "चार महिने झाले. आधी हा दगडू सगळीकडे जायचा. शाळेपर्यंत जायचा, बाजाराला माझ्यासंगती यायचा. आता हितंच. अर्धे लोक बोर्ड वाचतात नि पुढच्या टपरीला जातात."

"काय झालं होतं?" प्रकाशने विचारलं. "तुम्ही काय सांगत होतात?"

सोमीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुरतं पाहिलं. नवऱ्याला मी खरं सांगितलेलंच नाही, हे त्यांना त्या क्षणाला कळलं. आता ही बाई बोलेल आणि प्रकाश झेंडी वर करेल.

"काय नाय," त्या म्हणाल्या. "साखर किती घालू?"

चहा आम्ही उभ्यानेच प्यायलो. दगडूने एक डोळा उघडून मला पाहिलं. मला वाटलं होतं की तो तरी भुंकेल. प्रकाशने पैसे दिले, आम्ही निघालो, आणि सोमीबाईंनी मागून हाक मारून सांगितलं, "सावकाश जा गो." अठ्ठेचाळीस वर्षांत इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मनगट मोडलं तेव्हाही नाही.

तलासरी ओलांडून हायवेच्या बाजूच्या रस्त्याने अच्छाडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. नाक्यावर ट्रकांची लांब रांग, टायरवाले, ग्रीसवाले, मोसंबीचा रस, ढाबे. मराठीत भाव विचारला की गुजरातीत उत्तर येतं आणि हिंदीत घासाघीस होते. सगळ्यांचं सगळ्यांना कळतं. सीमेची खूण म्हणजे एक पाटी. मी सायकलचं पुढचं चाक पलीकडे नेऊन टेकवलं. परदेशात गेल्यासारखं वाटावं अशी अपेक्षा होती. पलीकडची धूळ अगदी इकडच्यासारखीच होती.

एका झोपडीत उबाडियुं मिळत होतं. मातीच्या माठात पापडी, कंद, रताळी आणि हिरवा मसाला भरतात, माठ उपडा घालून वर पालापाचोळा पेटवतात, आणि आतल्या भाज्या आपल्याच वाफेत शिजतात. वास असा की ट्रकवालेसुद्धा हॉर्न न देता थांबतात. प्रकाशने दोन पानं मागवली.

"बघ," तो खाता खाता म्हणाला, "तू म्हणायचीस ना अर्ज करून काही होत नाही? झालं की नाही? कागदात ताकद असते. व्यवस्थित लिहिला पाहिजे, बस."

मी हातातलं रताळं पानावर परत ठेवलं.

"कुत्रा आडवा आला नव्हता," मी म्हणाले.

"म्हणजे बाजूने आला?"

"आलाच नव्हता. झोपला होता."

प्रकाशचा हात पापडीवर थांबला. "मग आडवं कोण आलं?"

"कोणी नाही. मी थांबले होते."

मग रेल्वेत अपघाताची चौकशी करताना विचारतात तसे एकेक प्रश्न आले.

"वेग किती होता?"

"शून्य."

"ब्रेक?"

"लागलेला."

"रस्ता?"

"कोरडा. सपाट."

"आणि पडलीस."

"बूट सोडवायला विसरले."

मला वाटलं तो हसेल. निदान ओरडेल. त्याने पान बाजूला ठेवलं, रुमालाने एकेक बोट पुसलं आणि म्हणाला, "त्या अर्जाखाली माझी सही आहे, वंदना. 'वरील मजकूर सत्य आहे' असं लिहून केलेली. सिग्नलचा दिवा लागला की नाही हे स्वतः जाऊन बघितल्याशिवाय मी रेल्वेत एकही सही करत नाही. आयुष्यात न बघता केलेली ही एकच. तू सांगितलंस म्हणून."

ट्रक पुढे सरकत होते. उबाडियुंवाला "ओर आपुं?" म्हणून आणखी देऊ का विचारायला आला आणि आमची तोंडं बघून परत गेला.

"सायकल विकून टाक," मी म्हणाले.

"सायकलचं नंतर बघू," प्रकाश उठला. "आधी त्या बाई."

परत टपरीपाशी पोचेपर्यंत दुपार कलली होती. बाकड्यावर चार माणसं होती: विटांच्या गाडीवरचे दोघे, एक पोस्टमन, एक म्हातारे गृहस्थ. प्रकाशने झेंडी डिकीतच ठेवली होती. तो सोमीबाईंपुढे गेला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, मी खोटं लिहिलं. मला माहीत नव्हतं, पण लिहिलं. माफ करा." आणि सरळ कुत्र्याच्या दोरीला हात घातला.

"थांबा भाऊ!" सोमीबाई ओरडल्या. "सोडू नका. नोटीस हाय. उद्या ग्रामसेवक आला नि बोलला कोणी सोडला, तर? तुमी तवा कागदाने बांधलात. आता कागदानेच सोडा."

त्यांनी टपरीतून वही आणली आणि एक कोरं पान फाडून माझ्यासमोर धरलं. प्रकाशसमोर नाही, माझ्यासमोर. मी बाकड्यावर बसले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर नंबर टाकले, पण इतकं अवघड पत्र मी स्वतः कधी लिहिलं नव्हतं. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, सदर अर्जदार ही दिनांक अमुक रोजी उभ्या सायकलवरून स्वतःहून पडली. सदर कुत्रा त्यावेळी निद्रिस्त होता. तरी सदर कुत्र्याविरुद्धची तक्रार मागे घेण्यात येत आहे.'

"काय लिवलास?" सोमीबाईंनी विचारलं.

मी हळू आवाजात वाचलं.

"मोठ्याने वाच. यांनापन ऐकू दे. हेच बोर्ड बघून पुढे जात होते."

मी उभी राहून मोठ्याने वाचलं. 'उभ्या सायकलवरून स्वतःहून' इथे पोस्टमनने चहाचा कप तोंडाला लावला आणि तो खोकायला लागला. 'निद्रिस्त' म्हणजे काय असं विटांच्या गाडीवाल्याने विचारलं. म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, "झोपलेला." मग चौघेही हसले, सोमीबाई हसल्या, आणि शेवटी प्रकाशही हसला, नाइलाजाने, तोंड फिरवून.

"आनि लिव," सोमीबाई म्हणाल्या, "की सोमीबाईने हात बांधला. तो कुठंच लिवला नाय कोणी."

ते मी लिहिलं. खरं म्हणजे पाच महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं, सगळ्यांच्या आधी. खाली सही केली. प्रकाशने साक्षीदार म्हणून केली, सगळा मजकूर स्वतः दोनदा वाचून. सोमीबाईंनी कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि दोरी सोडली.

दगडू उठला. अंग झाडलं. स्वतःभोवती एक फेरी मारली आणि परत तिथेच झोपला. सोमीबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

(त्या पत्राची दुसरी प्रत मी सोमवारी अर्धी रजा टाकून पंचायतीत नेऊन दिली. ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, कुत्र्याच्या बाजूने आजवर कोणाचा अर्ज आलेला नाही. कोणत्या फायलीत लावू?" पोच मिळाली. फलक काढायला मात्र वेगळा आदेश लागतो, तो अजून निघालेला नाही. ऑफिसात मी खरी हकिगत सांगितली. सावंत भाऊसाहेबांना ती पटली नाही. ते म्हणाले, धक्क्यामुळे तुम्हाला नीट आठवत नाही.)

टपरीवरून निघालो तेव्हा प्रकाश नेहमीसारखा मागे होता. बराच वेळ एकही हॉर्न आला नाही. मग स्कूटर माझ्या बाजूला आली.

"विकायची असेल तर जाहिरातीत कारण लिहावं लागेल," तो समोर बघत म्हणाला. "खोटं मी लिहिणार नाही. आणि खरं लिहिलं तर घेणार कोण?"

मी हँडल घट्ट धरलं. हसले तर तोल जाईल अशी भीती होती.

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मी पुढे होतो. भात लावतो."

आणि खरंच गेला. मला वाटलं पुढच्या वळणावर थांबला असेल. नव्हता. त्याच्या पुढच्या वळणावरही नव्हता. रस्ता रिकामा होता, शेतांवर उन्हं तिरकी झाली होती आणि माझ्या चाकांच्या आवाजाखेरीज कुठलाही आवाज नव्हता. आशागडच्या आधीचा लांब उतार आला. उजवा हात सवयीने ब्रेकवर गेला. मी त्याला थोडं दाबू दिलं, मग थोडं कमी, मग बोटं उचलली. सायकलने वेग घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते वाऱ्याने आलं असं मी लिहिणार होते, पण या लेखात पुरेसं खोटं आधीच झालं आहे.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रकाश स्वयंपाकघरात होता. भातात पाणी जास्त पडलं होतं, अगदी गिचका झाला होता. त्यावर आमटी आणि चिंचणीचे भाजलेले बोंबील. मी दोनदा भात वाढून घेतला.